शत्रूचे शस्त्र आणि धर्म
खानदेशात दसऱ्याला होणारी शस्त्रपूजा, म्हणजे आयुधाला देवत्व देणारा विधी, स्वतःच्या शस्त्रापुरतीच असते. परंतु अहिल्यानगरच्या 1994 साली उभारलेल्या रणगाडा संग्रहालयात 1965 च्या युद्धात पाकिस्तानकडून जिंकलेला पॅटन रणगाडाही जतन केलेला असल्याने, शत्रूच्या शस्त्राकडे कोणत्या भावनेने पाहावे, हा धर्माचाच प्रश्न उभा राहतो. रावणवधानंतर राम बिभीषणाला वैर मरणाबरोबर संपल्याचे सांगून अंत्यसंस्कार करायला लावतो, आणि धर्मयुद्धाची, म्हणजे नीतिनियमांनी बांधलेल्या युद्धाची, खरी कसोटी तीच होय. कालचा शत्रू आपला होऊ शकतो, हे खानदेशानेही पाहिले आहे: ज्या भिल्लांशी इंग्रज लढले त्यांच्याचमधून 1825 साली धरणगावी भिल्ल पलटण उभी राहिली. धुळे-जळगावच्या इतिहासप्रेमींनी अहिल्यानगर अवश्य पाहावे आणि पराभूत भिल्लांच्या तीरकमठ्यालाही तितक्याच आदराचे दालन मिळावे, असा आग्रह धरावा.