अस्सल बरहुकूम नक्कल

१९७९ ते १९८५ या काळात अमेरिकन दूरचित्रवाणीवर चाललेली ‘द ड्यूक्स ऑफ हॅझर्ड’ ही मालिका ज्यांनी पाहिली, त्यांच्या मनात ‘जनरल ली’ नावाची नारिंगी मोटार एकच आहे. परंतु चित्रीकरणाच्या व्यवहारात पाहू गेल्यास त्या एका नावाखाली सुमारे तीनशे डॉज चार्जर गाड्या खर्ची पडल्या. हवेत झेप घेणारी गाडी नाकावर आपटू नये म्हणून तिच्या डिकीत जड वजन भरीत, आणि एवढे करूनही जमिनीवर उतरताच तिचा सांगाडा असा वाकून जाई की, पुढल्या झेपेसाठी दुसरी गाडी आणण्यावाचून गत्यंतर नसे. १९६९ सालच्या गाड्या कमी पडू लागल्या, तेव्हा १९६८ सालच्या गाड्यांच्या जाळीत मधला भाग बसवून आणि मागचे गोल दिवे काढून तेथे लांबट दिवे लावून त्यांना १९६९ चे रूप देण्यात आले. ज्याला प्रेक्षक अस्सल समजला, ते अस्सल अशा रीतीने नकलांच्या परंपरेतूनच सिद्ध झाले होते.

अशा गाड्यांच्या प्रतिकृती आपापल्या ऐपतीप्रमाणे घडविणाऱ्या माणसांकडे मी आदराने पाहतो. ‘बुलिट’ या १९६८ च्या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने चालविलेली हिरवी मस्टँग २०२० साली ३४ लाख डॉलरांच्या बोलीला विकली गेली. तेथे सामान्य नोकरदाराचा रिघाव नाही. तो एखादी जुनी फोक्सवॅगन बीटल घेतो, तिच्यावर लाल, पांढरे व निळे पट्टे ओढतो, ५३ हा आकडा रंगवितो, आणि ‘द लव्ह बग’ या चित्रपटातील हर्बी नावाची मोटार त्याच्या दारात उभी राहते. ही हर्बी खोटी आहे काय?

याच्या मुळाशी असलेला, वस्तू म्हणजे नेमके काय, हा प्रश्न आपल्याकडे फार प्राचीन काळी, तोही वाहनाच्याच संदर्भात, विचारला गेला आहे. यवन, म्हणजे ग्रीक, राजा मिलिंद रथात बसून आला, तेव्हा भिक्षू नागसेनाने त्याला विचारले की, आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय. आणि प्रत्येक वेळी नकार मिळाल्यावर, या साऱ्यांखेरीज वेगळा असा रथ कोठे आहे, असे विचारून रथ हे केवळ व्यवहारापुरते नाव आहे, हे त्याच्या तोंडून वदवून घेतले. न्यायदर्शनाच्या अनुयायांना, म्हणजे नैयायिकांना, हे मान्य नव्हते. अवयवांहून भिन्न असा अवयवी, म्हणजे स्वतंत्र अखंड पदार्थ, त्यांनी मानला. मला मात्र असे वाटते की, पडद्यावरील मोटारीच्या बाबतीत दोन्ही पक्ष अपुरे पडतात, कारण तिचे अस्तित्व सुट्या भागांतही नाही आणि त्या भागांच्या जुळणीतही नाही. ते पाहणाऱ्याच्या चित्तात ठसलेल्या रूपात आहे, आणि पत्रा हे त्या रूपाचे केवळ अधिष्ठान आहे.

भागवताच्या एकादश स्कंधात प्रतिमेचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यांत रत्नांची प्रतिमा आहे, पाषाणाची आहे, धातूची आहे; पण त्याच पंक्तीत लाकडाची, वाळूची आणि केवळ मनाने कल्पिलेलीही आहे. द्रव्याच्या किमतीवरून उपासनेची प्रतवारी लावण्याचा मोह शास्त्रकारांनी टाळला, ही मला आपल्या परंपरेतील अत्यंत उदार गोष्ट वाटते. मोटार ही देवता नव्हे, आणि तिचा छंद ही उपासना नव्हे, हे मी जाणतो. तथापि स्वस्त द्रव्यात उतरलेले रूप हीन ठरते काय, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे, आणि त्याचे उत्तरही, माझ्या मते, एकच आहे.

द्रव्याची सूट मिळाली म्हणून रूपाची सूट मिळत नाही. ‘नाइट रायडर’ या १९८२ साली सुरू झालेल्या मालिकेतील ‘किट’ ही मोटार घडविणारा महागड्या ट्रान्स ॲमऐवजी त्याच पिढीतील साधी फायरबर्ड घेतो आणि तिला फायबरग्लासचे नाक बसवितो. परंतु त्या नाकावर डावी-उजवीकडे धावणारा लाल प्रकाश उतरविताना त्याची खरी कसोटी लागते. मूळ गाडीत तारेचे दिवे होते. असा दिवा बंद केला तरी तार क्षणभर तांबूस राहते, आणि म्हणून पुढे सरकणाऱ्या उजेडामागे विरत जाणारे शेपूट दिसे. आजचा एलईडी तत्क्षणी विझतो. तेव्हा हा कारागीर प्रत्येक दिवा हळूहळू मंदावत जावा अशी योजना मुद्दाम करतो, म्हणजे जुन्या साधनाची जी मर्यादा होती, तीही तो श्रद्धेने पुन्हा घडवितो. इतकी निष्ठा जेथे आहे तेथे असत्याचा आरोप टिकत नाही. खोट्या दस्तऐवजाच्या आधारे अशी गाडी चित्रीकरणातलीच म्हणून विकणारा मात्र निखालस फसवणूक करतो, आणि ती फसवणूक त्याच्या वाणीत असते, गाडीत नसते.

या रूपावर मालकी कोणाची, याचा एक निवाडा अमेरिकेत झालेला आहे. १९५५ सालची लिंकन फ्युचुरा ही इटलीत घिआच्या कारखान्यात तयार झालेली प्रदर्शनी गाडी. तिच्यातूनच जॉर्ज बॅरिस यांनी १९६६ च्या ‘बॅटमॅन’ मालिकेसाठी बॅटमोबाइल घडविली. पुढे तिच्या प्रतिकृती करून विकणाऱ्या एका कारागिरावर बॅटमॅनच्या चित्रकथांची प्रकाशक डीसी कॉमिक्स हिने फिर्याद केली, आणि २०१५ साली अपील न्यायालयाने निर्णय दिला की, बॅटमोबाइल हे कायद्याने संरक्षित असे पात्र आहे. तिचे पंख आणि बाह्य आकार वेळोवेळी बदलले, तरी ओळख पटविणारी लक्षणे कायम असल्यामुळे ती तीच राहते, असे न्यायालयाचे म्हणणे. विक्रीचा हक्क धन्याकडे राहावा, हे मला न्याय्य वाटते. पण त्या निवाड्यातला तत्त्वविचार मला अधिक मोलाचा वाटतो, कारण देह पालटूनही टिकणारी ओळख त्यात एका न्यायासनाने मान्य केली आहे.

आणि त्याचा उपयोग ‘जनरल ली’च्या बाबतीत होतो. तिच्या छतावर अमेरिकन यादवी युद्धातील दक्षिणेच्या सैन्याचा ध्वज रंगविलेला होता; गुलामगिरी राखण्यासाठी लढलेल्या राज्यांचा तो ध्वज. २०१५ साली वॉर्नर ब्रदर्सने तो ध्वज असलेल्या खेळण्यांचे परवाने बंद केले. नक्कल बरहुकूम हवी असेल तर हा कलंकही उतरविलाच पाहिजे, असे काहींचे म्हणणे असते. मला ते पटत नाही. जी गाडी १९६८ च्या देहातही १९६९ ची म्हणून निभावली, जिच्या शेकडो देहांतून एकच ओळख वाहत राहिली, ती छताचा नारिंगी रंग कोरा ठेवल्याने परकी होत नाही. दारावरचा ०१ आणि ती झेप तिला पुरेशी आहे. ज्यांच्या पूर्वजांनी त्या ध्वजाखाली बेड्या सोसल्या, त्यांच्या वस्तीतूनही अशी गाडी मग निःसंकोच नेता येईल.