बालगुन्हेगार आणि न्याय

सोळा वर्षांच्या मुलाने घोर अपराध केला तर त्याला प्रौढाची शिक्षा द्यावी काय? २०१२ च्या दिल्लीतील अत्याचारातला अल्पवयीन आरोपी तीन वर्षांत सुटला, तेव्हा देश संतापला. तो संताप रास्त होता. २०१५ च्या कायद्याने १६ ते १८ वयाच्या मुलावर अशा गुन्ह्यासाठी प्रौढासारखा खटला चालवण्याची मुभा दिली. फाशी मात्र वर्ज्य, आणि २१ वर्षांपर्यंत तुरुंगही नाही.

दहावीच्या वर्गात मी रोज पाहतो, मुलाला बरेवाईट कळते, पण सोबत्यांपुढे मन आवरत नाही. म्हणून तो निर्दोष ठरत नाही; बदलण्याजोगा मात्र ठरतो. अट्टल गुन्हेगारांत टाकला तर तेच त्याचे गुरुजी होतील. तथागतांनी अंगुलिमालाला संघात घेतले, तरी लोकांचे दगड त्याला सोसावेच लागले. जाब हवाच, सुधारण्याची वाटही हवी. शिक्षा अवश्य द्यावी, पण प्रौढाची नव्हे.