गेटच्या अलीकडे

मुद्दाम चढउतार आणि उड्या ठेवून बांधलेल्या मातीच्या बंदिस्त मार्गावर होणाऱ्या मोटारसायकल शर्यतीला मोटोक्रॉस म्हणतात, आणि तीच शर्यत स्टेडियममध्ये माती आणून, उड्या एकमेकींच्या अधिक जवळ रचून घेतली म्हणजे ती सुपरक्रॉस होते. पहिल्या प्रकाराचा उगम इंग्लंडमधील कॅम्बर्ली येथे 1924 साली झालेल्या शर्यतीत शोधला जातो, तर दुसऱ्याचा लॉस एंजेलिसच्या कोलिझियम स्टेडियममध्ये 1972 साली झालेल्या शर्यतीत. महाराष्ट्रात पुणे, नाशिक, कोल्हापूर या शहरांनी डर्ट ट्रॅक शर्यतींचा नाद अनेक वर्षे जोपासला असून जानेवारी 2024 मध्ये इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची सुरुवातही पुण्यातच, बालेवाडीच्या क्रीडासंकुलात झाली. हा खेळ येथे आता इतका मुरला आहे की ऐन तारुण्यात त्यात उतरलेले रायडर पन्नाशीच्या आसपास पोहोचले आहेत, आणि थांबायचे केव्हा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न कोणत्याही नियमपुस्तकाने सोडवलेला नाही.

तर्कशास्त्रात ज्याला उभयतःपाश म्हणतात, म्हणजे कोणत्याही बाजूने गेले तरी बांधून टाकणारा पेच, त्याचे हे चांगले उदाहरण आहे. लवकर थांबणाऱ्याला आणखी किती वर्षे सुखरूप गेली असती हे कधीच कळत नाही, आणि उशिरा थांबणाऱ्याला उशीर झाल्याचे कळते ते बहुधा रुग्णालयात. निर्णयाला लागणारा पुरावा निर्णयाची वेळ टळल्यावरच हाती येतो, ही या पेचाची खरी गाठ आहे. तिचा विचार करण्यासाठी पुढे दोन कल्पित व्यक्तींचा संवाद योजला आहे. एक पुण्यातला, वयाची बावन्न वर्षे पूर्ण केलेला हौशी रायडर आणि दुसरी त्याची धाकटी बहीण, जी अस्थिरोगतज्ज्ञ आहे आणि ज्याच्या गळ्याजवळचे हाड तीनदा जुळवले त्या भावाशी बोलताना जिला तटस्थ राहणे कठीण जाते.

डॉक्टरने आरंभ शरीरापासून केला. तिशीनंतर स्नायूंचे वस्तुमान हळूहळू घटते आणि त्यातही चपळ तंतू, म्हणजे क्षणार्धात जोर लावणारे तंतू, आधी क्षीण होतात. डोळ्यांनी पाहिलेले हातापर्यंत पोहोचण्यास लागणारा वेळ वाढतो. हाड मोडण्यास सोपे आणि जुळण्यास अवघड होते. जागतिक अजिंक्यपदाच्या मोटोक्रॉसमध्ये एक फेरी 30 मिनिटे आणि वर दोन चकरा एवढी चालते आणि त्या काळात रायडरच्या हृदयाचे ठोके त्याच्या कमाल मर्यादेच्या अगदी जवळ राहतात. ती मर्यादा मात्र ढोबळ हिशेबाने 220 मधून वय वजा करून येणारी असल्यामुळे पंचविशीत 195 असलेला आकडा बावन्नाव्या वर्षी 168 वर आलेला असतो. "हौशी शर्यत याहून लहान असते हे मान्य, पण या सगळ्यांपेक्षा भीती डोक्याची वाटते, दादा," असे म्हणून तिने स्पष्ट केले की वयाबरोबर मेंदू किंचित आक्रसतो, त्यामुळे मेंदू आणि कवटीखालचे आवरण यांना जोडणाऱ्या बारीक शिरा ताणलेल्या राहतात आणि विशीत नुसती भोवळ आणणारा धक्का पन्नाशीत त्या शिरा फाडून आतल्या आत रक्तस्राव घडवू शकतो. हेल्मेट कवटीचे रक्षण उत्तम करते. कवटीच्या आत मेंदू हेलकावतो, त्यावर त्याचा इलाज अपुरा पडतो.

रायडरने यातले काहीच नाकारले नाही. त्याचे उत्तर असे होते की यातील प्रत्येक बदल थेंबाथेंबाने होतो आणि म्हणूनच कोणताही बदल एखाद्या दिवसाकडे बोट दाखवत नाही. धान्याच्या राशीतून एक दाणा काढला तर रास मोडत नाही, आणखी एक काढला तरी मोडत नाही, आणि तरीही शेवटी रास उरत नाही. ग्रीक विचारवंतांपासून चालत आलेल्या या कोड्यात जी अडचण आहे तीच येथे आहे, कारण काल जो शर्यतीस योग्य होता तो आज अयोग्य झाला असे म्हणावे असा कोणताही काल आणि आज दाखवता येत नाही. वयाचा आकडा तर याहूनही कमी सांगतो. अमेरिकेचा रायन व्हिलोपोटो सुपरक्रॉसची चार अजिंक्यपदे ओळीने जिंकून 2015 साली, अवघ्या 26व्या वर्षी थांबला. बेल्जियमचा स्टेफान एव्हर्ट्स 2006 च्या मोसमातील 15 पैकी 14 ग्रां प्री आणि आपले दहावे जागतिक अजिंक्यपद जिंकून त्याच वर्षी निवृत्त झाला. इटलीचा अंतोनियो कैरोली नऊ अजिंक्यपदांनंतर 36व्या वर्षापर्यंत पूर्णवेळ लढत राहिला. कॅलिफोर्नियातील ग्लेन हेलनच्या ट्रॅकवर तर तिशीपासून पुढे दर दशकाच्या वयोगटासाठी वेगळी शर्यत होते आणि साठी उलटलेले लोकही सुरुवातीच्या गेटवर उभे राहतात.

"ते सारे व्यावसायिक होते," डॉक्टर म्हणाली, "आणि व्यावसायिकाला थांबवणारे बरेच असतात." करार संपतो, संघ दुसऱ्याला घेतो, गुणतालिका दर आठवड्याला खरे सांगते. हौशी रायडरला असा कोणीच नसतो. स्वतःची बाइक, स्वतःचा पैसा, स्वतःचा रविवार, आणि त्यामुळे निकाल देणाराही स्वतःच. हा मुद्दा वरवर दिसतो त्यापेक्षा खोल आहे. ज्या मनाला शर्यत हवी आहे तेच मन शर्यतीस आपण योग्य आहोत की नाही हे ठरवत असेल, तर न्यायाधीश आणि पक्षकार एकच झाले, आणि अशा न्यायालयाचा निकाल प्रामाणिक माणसाच्या बाबतीतही विश्वासार्ह राहत नाही.

यावर रायडरने गीतेच्या अठराव्या अध्यायाचा आधार घेतला. तेथे त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत आणि शरीराला होणाऱ्या क्लेशाच्या भीतीने कर्म सोडणे हा राजस त्याग ठरवून त्यातून त्यागाचे फळ मिळत नाही असे म्हटले आहे. हाड मोडेल म्हणून शर्यत सोडायची तर तो त्याग कसला, असा त्याचा प्रश्न होता. त्यामागे केवळ वादकौशल्य नव्हते. भीतीपोटी सोडलेली गोष्ट माणसाच्या मनात पुढे वर्षानुवर्षे कुजत राहते हे त्याने आपल्या बरोबरीच्या रायडरांमध्ये पाहिले होते.

डॉक्टरने तोच अध्याय पुढे केला. तेथे ज्या कर्माच्या त्यागाला राजस म्हटले आहे ते नियत कर्म, म्हणजे ज्याचे त्याच्यावर बंधन आहे असे कर्म. इच्छेतून उपजलेल्या काम्य कर्माचा त्याग करण्याला तर त्याच अध्यायाच्या आरंभी संन्यास हे नाव दिले आहे. शर्यत कितीही प्रिय असली तरी ती काम्य आहे. "नियत काय आहे ते विचारायचे असेल तर वहिनीला विचार," असे ती म्हणाली, आणि संवादाचा सूर येथे बदलला. रायडरचे म्हणणे असे की लग्नाच्या आधीपासून हा नाद होता आणि पत्नीने तो जाणूनच स्वीकारला. डॉक्टरचे उत्तर असे की पत्नीने संमती दिली ती सहा आठवड्यांत हाड जुळून येणाऱ्या तरुणाला. ज्याची शुश्रूषा कदाचित जन्मभर करावी लागेल अशा माणसाच्या जोखमीला तिने कधी संमती दिली होती? जोखीम बदलली की जुनी संमती आपोआप पुढे चालत नाही, ती पुन्हा मागावी लागते. रायडरकडे याचे उत्तर नव्हते, आणि प्रस्तुत विवेचनाच्या मते ते कोणाकडेच असू शकत नाही.

तरीही हा प्रश्न केवळ कर्तव्य विरुद्ध हौस असा मांडला तर खेळ ज्याने जवळून पाहिला आहे त्याचे समाधान होणार नाही. म्हणून रायडरने उडीचे यंत्रशास्त्र समजावून सांगितले, आणि संवादातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट, त्याच्या नकळत, येथेच उघड झाली. दोन उंचवट्यांमधील पोकळी ओलांडायची असेल तर चढावर थ्रॉटल, म्हणजे इंजिनाला इंधन देणारी उजव्या हाताची मूठ, शेवटपर्यंत सारखी उघडी ठेवावी लागते. ऐन टोकावर ती मिटली तर मागच्या चाकाचा जोर तुटतो, बाइकचे तोंड खाली झुकते, वेग कमी पडतो आणि पलीकडच्या उतारावर उतरण्याऐवजी चाक त्या उंचवट्याच्या कडेवर आदळते. सस्पेन्शनचा सुमारे 300 मिलिमीटरचा प्रवास एका क्षणात संपतो आणि उरलेला आघात मनगटे, घोटे आणि कणा यांच्यावर येतो. पूर्ण वेगाने मारलेली उडी आणि मुळीच न मारता, उंचवट्यांवरून चाके घासत केलेला मार्ग या दोन्ही गोष्टी पुष्कळ सुरक्षित आहेत. जीव घेते ती अर्ध्या मनाने मारलेली उडी. शर्यतीत तर मागून येणारा रायडर हवेत असताना त्याला खाली कोण पडले आहे ते दिसत नाही, म्हणून अर्धे मन दुसऱ्याचाही घात करते.

डॉक्टरने विचारले की अशी अर्धी उडी अलीकडे कधी झाली आहे काय. रायडर बराच वेळ बोलला नाही. नंतर त्याने सांगितले की गेल्या काही शर्यतींत चढाच्या टोकाशी मनात एक हिशेब येतो. मुलीचे शिक्षण, घराचा हप्ता, मागच्या वेळचा खांदा. हिशेब क्षणभरच टिकतो, पण मूठ तेवढ्या क्षणात किंचित सैल होते.

अ‍ॅरिस्टॉटलने धैर्य हे भ्याडपणा आणि बेदरकारपणा यांच्या मधले मानले आणि कोणत्या प्रसंगी किती धीट व्हावे हे ओळखणाऱ्या शहाणपणाला व्यवहारप्रज्ञा या अर्थाचे वेगळे नाव दिले. त्याच्या मताने धैर्य आणि ही प्रज्ञा एकत्र नांदतात. मोटोक्रॉसचे वैशिष्ट्य असे की येथे त्या दोहोंना वेळ वाटून द्यावी लागते. प्रज्ञेचे काम गेट पडण्यापूर्वीचे: उतरायचे की नाही, कोणती उडी पूर्ण मारायची, कोणती सोडायची. रायडरांच्या रांगेसमोरचे लोखंडी गेट एकदा खाली पडले की पुढचे काम विभागलेल्या मनाने होत नाही. ज्याचा विचार गेटच्या अलीकडे संपत नाही, जो तो विचार चढाच्या टोकापर्यंत बरोबर घेऊन जातो, त्याच्यासाठी शर्यतीची वेळ टळली आहे, मग त्याचे वय 26 असो वा 60. धान्याच्या राशीचे कोडे येथे सुटत नाही, पण त्याची गरजही राहत नाही, कारण शरीराची झीज थेंबाथेंबाने होत असली तरी मुठीत उतरलेला हिशेब ही एक घटना आहे आणि ज्याच्या बाबतीत ती घडते त्याला ती ओळखता येते.

रायडरने ही कसोटी मान्य केली, आणि लगेच म्हणाला की मग येत्या मोसमातील एकच शर्यत करून थांबावे. हा मोह समजण्याजोगा असला तरी सर्वांत फसवा आहे. वाळवंटातून धावणारी लांब पल्ल्याची डाकार रॅली दुचाकीवर 2001 आणि 2002 साली जिंकलेला इटलीचा फाब्रिझियो मेओनी याने 2005 ची डाकार आपली शेवटची असे आधीच ठरवले होते. 11 जानेवारी 2005 रोजी, 47व्या वर्षी, मॉरितानियाच्या वाळवंटात त्याचा अपघाती मृत्यू झाला. एका माणसाच्या मृत्यूवरून नियम काढता येत नाही आणि काढूही नये, परंतु शेवटच्या शर्यतीतली जोखीम इतर कोणत्याही शर्यतीइतकीच असते एवढे तरी त्यातून दिसते. शेवटची एक असे म्हणणे हा थांबण्याचा निर्णय वाटतो, पण त्याचा प्रत्यक्ष आशय आणखी एक शर्यत करण्याचा असतो.

"मग उरते काय?" हा रायडरचा प्रश्न चर्चेत सहज विसरला जातो, म्हणून त्याला येथे अधिक जागा देणे योग्य आहे. त्याला बक्षिसांची आस फारशी नव्हती. गेट पडण्याआधीची पाच सेकंदांची पाटी वर झाल्यावर आजूबाजूची सगळी इंजिने एकाच वेळी वरच्या पट्टीत जातात आणि कर्ज, कचेरी, आजारपण यांतले काहीही त्या क्षणात शिरू शकत नाही. असा पूर्ण एकाग्रतेचा प्रसंग बावन्न वर्षांच्या माणसाच्या आयुष्यात दुसरीकडे कुठे येतो? शिवाय ट्रॅकवरची मुले त्याला काका म्हणतात, उडी कुठून धरावी हे विचारतात. शर्यत सोडली तर त्या मुलांच्या लेखी तो कोण राहील? हे दुःख खरे आहे आणि त्याला अहंकार म्हणून झटकणे अन्यायाचे होईल. डॉक्टरनेही ते झटकले नाही. तिने एवढेच सुचवले की शर्यत ही एक वस्तू नसून अनेक गोष्टींची मोळी आहे आणि मोळी सोडताना प्रत्येक काडी फेकावी लागत नाही. फ्रान्सच्या उबेर ओरिओलने 1987 च्या डाकारमध्ये आघाडीवर असताना दोन्ही घोटे मोडून घेतले आणि तरीही तो टप्पा पूर्ण केला. पुढे 1992 साली तोच मोटारगाडीतून जिंकला आणि दुचाकी व मोटार या दोन्ही गटांत ती रॅली जिंकणारा पहिला ठरला. स्टेफान पीटरहान्सेलने दुचाकीवर सहा डाकार जिंकल्यावर गाडीतून आणखी आठ जिंकल्या. वाहन बदलले, पण वाळवंट वाचण्याची विद्या वाया गेली नाही.

हौशी माणसाजवळ रॅलीची गाडी नसते, पण वाटणी त्यालाही करता येते. दोघांनी मिळून जे ठरवले त्यात गेट आणि समोरासमोरची झुंज सुटली, मुलांना शिकवणे राहिले, सरावाच्या ट्रॅकवर बाइक चालवणे राहिले. पूर्ण मारता येणार नाही अशी उडी घासून पार करायची, हेही ठरले. मुठीत हिशेब उतरला की नाही याचा निवाडा एकट्या रायडरकडे न ठेवता त्याच्या मेकॅनिकलाही त्यात बोलण्याचा अधिकार दिला गेला, कारण ट्रॅकच्या कडेला उभ्या माणसाला थ्रॉटलचा आवाज तुटलेला स्पष्ट ऐकू येतो. पत्नीशी मात्र रायडरने स्वतः बोलायचे होते.

एका मुद्द्यावर एकमत झाले नाही. सरावाच्या ट्रॅकवर, सकाळी कोणी नसताना, एकट्याने पूर्ण वेगाने उडी मारण्याची मुभा रायडरला हवी होती, आणि त्याचा युक्तिवाद असा की तेथे मागून कोणी येत नाही, घाई नाही, मन विभागण्याचे कारण नाही. डॉक्टरचा आक्षेप असा की तेथे पडल्यास उचलणाराही कोणी नाही, आणि डोक्याच्या आतल्या रक्तस्रावात मदत किती लवकर पोहोचते यावर पुष्कळ काही अवलंबून असते. मेकॅनिक हजर असल्याशिवाय इंजिन सुरू करायचे नाही, ही अट तिने घातली. रायडरने ती ऐकून घेतली, पण होकार दिला नाही.