दोन्हीकडच्या आया



गुरुबंधू-भगिनींनो, इस्रायल-गाझाचं युद्ध आपल्या घरच्या ग्रुपवरही शिरलंय. संकेश्वरातल्या एका घरात काका-पुतण्याचा त्यावरून अबोला आहे. गुरुवारच्या आरतीला दोघं दोन टोकांना उभे राहतात.

7 ऑक्टोबर 2023 ला हमासने माणसं मारली, ओलीस नेली. तिकडच्या आया रडल्या. मग गाझातल्या आयांनी लेकरं पुरली. एकीचंच रडणं ऐकायचं ठरवलं, तर माळ ओढून काय उपयोग?

आपण सीमाभागातली माणसं. 1956 साली हा भाग म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासून मराठी-कन्नड वाद सोसतोय. तरी हिरण्यकेशीचं पाणी दोघांच्याही देव्हाऱ्यात असतं. (भांडणंही होतात म्हणा!)

येत्या गुरुवारी काकांनी आरतीचं ताट पुतण्याच्या हाती द्यावं. दोघांनाही तसा निरोप धाडलाय.