एक दुपार पुरायची नाही

चि. सई हिस,


नामिबियाच्या सहलीचा तुझा आराखडा वाचला. सगळं छान आखलं आहेस, फक्त स्केलेटन कोस्टला तू जेमतेम एक दुपार दिली आहेस, ते मनाला लागलं. (ही घाई तुला आजोबांकडून आली, माझ्याकडून नव्हे, हे इथेच नमूद करून ठेवते.)

अगं, त्या किनाऱ्याची सारी गंमत पहाटेची! तिथल्या समुद्रातून बेंग्वेला नावाचा थंड प्रवाह वाहतो, त्याच्यावरून येणारी दमट हवा गार पडते, तिचं धुकं होतं आणि ते रात्रीतून वाळवंटात कोसच्या कोस आत शिरतं. ऊन तापलं की विरून जातं. पाऊस जवळजवळ नाहीच, म्हणून कितीतरी जीव या धुक्यावरच तगून आहेत. या नामिब वाळवंटाच्या वाळूत एक काळा भुंगेरा आहे. तो धुक्याच्या पहाटे वाळूच्या टेकडीचा माथा गाठतो, डोकं खाली नि पाठ वर करून वाऱ्यात उभा राहतो; थेंब पाठीवर जमतात आणि ओघळत ओघळत त्याच्या तोंडाशी येतात. उन्हं वर आल्यावर उठणाऱ्याला तिथे पाणी नाही, बाई.

तिथेच वेल्विचिया नावाची वनस्पती आहे. जन्मभर तिला पानं दोनच. तीच बुडातून वाढत राहतात, वाऱ्याने त्यांच्या चिंध्या होतात, दिसायला अगदी केराचा ढीग. पण काही झाडं हजार वर्षांहून जुनी आहेत. तू उधळी नाहीस, हे मी जाणते, तरी काटकसरीने किती लांबचा पल्ला गाठता येतो ते तिच्याजवळ जरा टेकून बघ.

याच किनाऱ्यावर केप क्रॉसला 1486 साली दियोगो काओ या पोर्तुगीज दर्यावर्द्याने दगडी क्रूस रोवला होता. आता तिथे सीलांचं राज्य आहे, आणि वास असा की पदर नाकाला लावावा! (तुझ्याकडे पदर कुठला, रुमाल ने.) समुद्रातून परतलेली आई हजारोंच्या कलकलाटात हाका मारत फिरते आणि ओ देणाऱ्या पिल्लाला हुंगून मगच जवळ घेते. कोल्हे आणि तपकिरी तरस चुकार पिल्लावर टपलेलेच असतात. पटकन एक फोटो काढून निघालीस, तर यातलं काही दिसायचं नाही.

आणि दगडफूल! आपल्या गोड्या मसाल्यात घालतो, त्याच्याच जातकुळीतली दगडफुलं तिथल्या माळावर पसरली आहेत. ती इतकी सावकाश वाढतात की गाडी एकदा वरून गेली, तर चाकोऱ्या कित्येक दशकं बुजत नाहीत. माणसाची घाई तिथे अशी उमटून राहते. समुद्रावरही तेच. दक्षिणेकडे 1909 साली धुक्यात रुतलेलं ‘एदुआर्द बोलेन’ जहाज अजून तिथेच आहे. आता तर समुद्र मागे हटून ते वाळवंटात उभं आहे.

तेव्हा दुसरं एखादं शहर गाळ, पण या किनाऱ्याला दोन पहाटा दे. स्वाकोपमुंडला मुक्काम कर, अंधार असतानाच ऊठ, गरम कपडे घाल, आणि गाडी ठरलेल्या रस्त्याखाली उतरवू नकोस. फोटो कमी आले तरी चालतील.

तुझी,
आजी