खुनाला चाल लावताना

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान उरकले की कोकणातल्या घराघरांतून तुळशीपाशी पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात. कारीट म्हणजे नरकासुर. ते फुटल्याचा आनंद घरातल्या लहानांपासून थोरांपर्यंत सगळ्यांना होतो. गोव्यात तर आदल्या रात्री नरकासुराच्या अक्राळविक्राळ प्रतिमा वाद्यांच्या कल्लोळात मिरवतात आणि उजाडण्यापूर्वी जाळून टाकतात. ज्या सणाचा फराळ पुढ्यात घेऊन आपण हे पान वाचीत आहोत, त्या सणाच्या मुळाशीही असा एक वध आहे, आणि तो आपण गाजावाजा करून साजरा करतो. यात कोणाला वावगे वाटत नाही; वाटण्याचे कारणही नाही. नरकासुर हे अंधाराचे नाव आहे. त्याच्या दाराशी जाऊन त्याच्या माणसांची विचारपूस करावी, असा प्रसंग कोणावर येत नाही.

परंतु मेलेला माणूस पुराणातला नसून इतिहासातला असला, त्याच्या मृत्यूची तारीख कागदावर असली, त्याच्यामागे कोणी रडले असले, तर? त्याच्या खुनाला चाल लावावी, त्यावर नाच बसवावा आणि तिकिटे काढून लोकांनी तो पाहावा, हे कितपत योग्य? प्रश्न जुनाच आहे. पण त्याची दोन्ही ठरावीक उत्तरे मला अपुरी वाटतात.

या प्रश्नाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले आहे. १९२४ सालच्या एप्रिलमध्ये शिकागो शहरात ब्यूला अ‍ॅनन नावाच्या एका विवाहित तरुणीने हॅरी काल्स्टेट या आपल्या प्रियकराला गोळी घातली. तो जमिनीवर पडलेला असताना ती ग्रामोफोनवर जाझची एकच तबकडी पुन्हा पुन्हा लावीत होती, असे त्या वेळच्या वृत्तपत्रांनी छापले. त्याच सुमारास बेल्व्हा गार्टनर नावाची दुसरी एक स्त्री अशाच आरोपाखाली तुरुंगात होती. दोघींची रूपे, वस्त्रे, टोप्या यांची वर्णने लोकांनी चवीने वाचली, आणि त्याच वर्षी दोघीही निर्दोष सुटल्या. त्या बातम्या लिहिणाऱ्यांत ‘शिकागो ट्रिब्यून’ची मॉरीन वॉटकिन्स ही तरुण वार्ताहर होती. तिने १९२६ मध्ये या साऱ्या प्रकारावर ‘शिकागो’ हे झणझणीत उपहासाचे नाटक लिहिले. पुढे त्याचे संगीतक करण्याची परवानगी तिच्याकडे मागितली गेली, तेव्हा ती तिने दिली नाही. १९६९ साली ती वारली. मग हक्क मिळाले, आणि १९७५ मध्ये ‘शिकागो’ गाणी आणि नृत्ये घेऊन रंगभूमीवर आले. १९९६ मध्ये ते नव्याने उभे राहिले, ते न्यूयॉर्कमध्ये आजही चालू आहे. २००२ साली त्याचा चित्रपटही झाला.

आता पहिले उत्तर असे की, काळ लोटला म्हणजे दोष उरत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या प्रेताला कसले सुतक? हे उत्तर सोयीचे आहे, पण खरे नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्याला मारले, त्याला अडीचशे वर्षे होऊन गेली. तरीही अठरा वर्षांचा तो पोर चुलत्याच्या कमरेला मिठी घालतो, हे चित्र डोळ्यांपुढे आले की मराठी माणसाच्या पोटात कालवते. खाडिलकरांनी ‘भाऊबंदकी’ लिहिले, तेव्हा या खुनाला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली होती. पण त्या नाटकाचा सगळा भार अपराध आणि न्याय यांवर आहे. जुना झाला म्हणून खून त्यांना हलका वाटला नाही.

उलट उदाहरणही आहे. इंग्लंडमधील इप्सविच येथे २००६ च्या अखेरीस पाच स्त्रियांचे खून झाले. अवघ्या पाच वर्षांनी, २०११ मध्ये, लंडनच्या नॅशनल थिएटरने त्यावर ‘लंडन रोड’ हे संगीतक केले. ऐकताच कपाळाला आठी पडावी अशीच ही गोष्ट. पण त्यात खुनी रंगमंचावर येतच नाही. खुनी ज्या रस्त्यावर राहत होता, तिथल्या रहिवाशांशी झालेले बोलणे ध्वनिमुद्रित करून, त्यातले अडखळणे आणि तीच ती वाक्ये तशीच ठेवून, त्याला संगीत दिले आहे. घाबरलेले, कंटाळलेले आणि पुढे फुलझाडांची स्पर्धा भरवून आपला रस्ता सावरू पाहणारे ते शेजारी आहेत. त्यांतली एक बाई तर मेलेल्या स्त्रिया नाहीशा झाल्या याबद्दल खुन्याचे जवळजवळ उपकार मानते. ते ऐकताना अंगावर काटा येतो, आणि तो यावा यासाठीच ते ठेवले आहे. तेव्हा पाच वर्षांत जे सभ्यपणे करता येते, ते शंभर वर्षांनीही असभ्यपणे करता येईल. कालगणनेने हा प्रश्न सुटत नाही.

दुसरे उत्तर असे की, हा उपहास आहे. थट्टा खुनाची नसून खुनाला डोक्यावर घेणाऱ्या समाजाची आहे. हे उत्तर अधिक वजनदार आहे. ‘शिकागो’च्या बाजूने बोलायचे तर, खुनाचा तमाशा आधी वृत्तपत्रांनी आणि न्यायालयाने केला, नाटकाने फक्त त्याचा पडदा वर केला. कायद्याने ज्यांना सोडले त्यांना रंगभूमीने सोडले नाही, हाही एक न्यायच. पण उपहास हा ताज्या दुधासारखा असतो. फार दिवस ठेवला की नासतो. वर्षानुवर्षे चालणाऱ्या खेळाला येणारा प्रेक्षक नाच पाहायला येतो, त्या देखण्या आरोपिणींवर खूश होतो आणि टाळ्या वाजवीत घरी जातो. म्हणजे १९२४ मधल्या ज्या भाबड्या शिकागोकरांची थट्टा करायची होती, नेमका त्यांच्यासारखाच तो वागतो. आणि काल्स्टेटचे काय? त्याच्या वाट्याला एक गोळी येते आणि पुढे सगळा प्रकाश दुसरीकडे वळतो.

मला वाटते, खरा प्रश्न संगीताच्या स्वभावाचा आहे. शब्द ऐकून माणूस आधी विचार करतो, मग मान डोलावतो. तालाचे तसे नाही. ताल ऐकताच पाय हलू लागतो; तो बुद्धीची परवानगी मागत नाही. या शक्तीचा उपयोग दोन तऱ्हांनी करता येतो. पाय हलत ठेवून मनाला झोपवता येते, किंवा पाय हलवून मध्येच ताल तोडता येतो, की ज्यामुळे आपण कशावर डोलत होतो हे लख्खकन कळावे.

आपल्याकडचे ‘घाशीराम कोतवाल’ आठवून पाहा. १७९१ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कोतवालीत कोंडलेले एकवीस ब्राह्मण गुदमरून मेले. शहर खवळले आणि ३१ ऑगस्टला घाशीराम दगडांनी ठेचला गेला. १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांनी यावर नाटक लिहिले, जब्बार पटेलांनी ते बसवले आणि भास्कर चंदावरकरांनी त्याला संगीत दिले. कीर्तन, लावणी, दशावतार यांचे रंग घेऊन ब्राह्मणांची ती भिंत डोलू लागते, आणि प्रेक्षकही तिच्याबरोबर डोलतो. थोड्या वेळाने ध्यानात येते की हीच भिंत सत्ताधाऱ्यांची पापे झाकते आहे, आणि तिच्या तालात आपणही सामील होतो. शेवटी घाशीराम मेल्यावर नाना उत्सवाची आज्ञा देतात आणि पुन्हा नाच सुरू होतो. पण आता पाय हलवायचे धैर्य होत नाही. याला मी संगीताचा प्रामाणिक उपयोग म्हणतो.

तरी एक गोष्ट मनाला टोचते. या नाटकावर वाद झाला, प्रयोग थांबले, संस्थेत फूट पडली. पण भांडण मुख्यतः नानांच्या प्रतिमेवरून होते. ते एकवीस जण कोण होते, कुठून आले होते, त्यांच्या घरी निरोप कसा पोचला असेल, याची चौकशी त्या गदारोळात फारशी कोणी केली नाही. थोरांची अब्रू आणि खुन्याचे कर्तृत्व यांना कायम वकील मिळतात. मेलेल्याला सहसा मिळत नाही.

कोणी म्हणेल, अगिनदासाने अफझलखानाच्या वधाचा पोवाडा गायिला, तो कुठे मेलेल्याचा विचार करीत होता? नव्हता, हे खरे. पण शाहीर चारचौघांत डफ घेऊन उभा राहतो; आपण कोणाच्या बाजूचे, हे लपवीत नाही. त्याच्या गाण्यात सुटकेचा निःश्वास असतो. करमणुकीसाठी खून गाणाऱ्याला मात्र कोणत्याच बाजूला उभे राहायचे नसते.

म्हणून बंदी वगैरेच्या मी विरुद्ध आहे. बंदीने अभिरुची सुधारत नाही. नाटककाराकडून मात्र एक अपेक्षा ठेवावी, आणि ती आपण प्रेक्षकांनी स्वतःकडूनही ठेवावी. असा खेळ पाहून घरी परतताना एखादी ओळ ओठांवर घोळू लागली, तर घोळू द्यावी. फक्त बरोबर आलेल्या माणसाला विचारावे, ‘यात मेले कोण? त्यांचे नाव काय होते?’ दोघांपैकी एकालाही ते आठवले, तर नाटकाने आपले काम केले. आठवले नाही, तर आपण पैसे देऊन खुन्याचा सत्कार पाहून आलो, एवढे तरी मान्य करावे.