मजुरी आणि कृपा

आमच्या घरात ‘फुकट’ हा शब्द शिवीसारखा वापरला जायचा. आजोबा लालबागच्या एका गिरणीत बदली कामगार होते. बदली म्हणजे रोज पाळीच्या वेळी गेटवर जाऊन उभं राहायचं. कुणी कायम कामगार आला नाही, तर त्याच्या जागी काम. नाहीतर परत घरी. ‘घामाचं तेवढंच आपलं,’ ते म्हणायचे.

दादरला एका ख्रिस्ती मैत्रिणीच्या घरी रविवारी संध्याकाळी बायबलचा अभ्यास चालतो. तिने एकदा मलाही बोलावलं. त्या दिवशी पौलाचं रोमकरांस पत्र होतं, अध्याय 3 आणि 4. पौल म्हणतो, नियमशास्त्र पाळून कुणालाच नीतिमान ठरता येत नाही. सगळेच कमी पडतात. तरी विश्वास ठेवणाऱ्याला देव नीतिमान ठरवतो, कृपेने, काही मोल न घेता. तारण म्हणतात ते हेच.

मला हे पटेना. ‘म्हणजे आयुष्यभर नीट वागलेला माणूस आणि शेवटी शरण आलेला लबाड, दोघे सारखेच? हा कसला न्याय?’

मैत्रिणीच्या काकांनी वाद घातला नाही. चौथ्या अध्यायातलं चौथं वचन वाचायला सांगितलं. त्याचं सार असं: काम करणाऱ्याची मजुरी ही मेहेरबानी नसते, ते देणं असतं.

मी तिथेच थांबलो. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपात मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते. त्यानंतर आजोबांना पुन्हा काम मिळालं नाही. थकलेल्या पैशांसाठी त्यांनी कित्येक वर्षं खेटे घातले आणि प्रत्येक वेळी समोरचा उपकार केल्यासारखा बोलायचा. पौल मात्र कृपेबद्दल बोलताना मजुरीचा हिशेब आधी स्पष्ट करतो. ज्याचे पैसे बुडालेत त्याला ‘देवाची कृपा आहे, शांत राहा’ असं सांगणाऱ्याने हे वचन वाचलेलं नसावं. देणं ते देणंच.

मग कृपा कशासाठी? मार्टिन ल्यूथरही या पत्रातल्या ‘देवाचं नीतिमत्त्व’ या शब्दांवर अडला होता. आधी त्याला त्यात फक्त शिक्षा देणारा न्यायाधीश दिसायचा. पुढे कळलं की ते देवाने दिलेलं दान आहे. मला ते कळायला मत्तयातला द्राक्षमळ्याचा दाखला लागला. दिवस मावळायला आला तरी काही मजूर चौकात उभेच असतात. का, असं विचारल्यावर ते म्हणतात, आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही. मालक त्यांनाही पूर्ण दिवसाचा दिनार देतो. ही गोष्ट ऐकताना मी नेहमी स्वतःला सकाळपासून राबणाऱ्यांत धरायचो. आजोबा तर चौकात उभे राहिलेल्यांतले होते.

पण सगळं आयतं मिळालं तर माणूस चांगलं का वागेल? इथे पंडिता रमाबाई आठवतात. त्यांचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला. 11 मार्च 1889 ला त्यांनी गिरगाव चौपाटीजवळ शारदा सदन सुरू केलं. पुढे त्यांनीच लिहिलं की धर्म आधी मिळाला, ख्रिस्त मात्र 1891 च्या सुमारास, आठ वर्षांनी उमगला. त्यानंतर त्या स्वस्थ बसल्या नाहीत. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली-बायकांना त्यांनी आसरा दिला. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 साली पूर्ण छापून झालं. पुण्य साठवायचं नसेल तर माणूस कामाला मोकळा होतो, असा मी याचा अर्थ लावतो.

मी ख्रिस्ती झालेलो नाही. शेवटच्या घटकेला शरण येणारा लबाड मला अजूनही खटकतो. त्याने ज्यांना लुबाडलं त्यांचं काय, हा प्रश्न सुटत नाही.

हे सगळं आजीला सांगितलं. ती म्हणाली, ‘काम नाही मिळालं की ते घरी येऊन मान वर करायचे नाहीत. त्या दिवशी मी मुद्दाम त्यांचंच ताट आधी वाढायचे.’

आणि फुकटचं नको म्हणणारे आजोबा? ‘जेवायचे की गुपचूप.’